मॅनहाइम व्हाया तळोजा

"कुठं राहता?" या प्रश्नाला मी बरीच वर्षं "पनवेलजवळ" असं मोघम उत्तर देत असे. तळोजा म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी दया येते, मग उत्सुकता. दादरच्या एका लग्नात एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "मग, सुटलात कधी?" वास्तविक तो तुरुंग उभा आहे खारघरच्या हद्दीत. नाव मात्र त्याला आमचं. जागा त्यांची आणि बदनामी आमची अशी ही वाटणी झालेली आहे आणि तिच्यावर अपील नाही. त्यामुळे लेकीला जर्मनीचा व्हिसा मिळाल्याचं कळलं तेव्हा माझ्या गिरगावातल्या आत्याने पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारून घेतलं, "पत्त्यावरून काही हरकत नाही ना रे घेतली त्यांनी?"

नाही घेतली. २०२५ च्या सप्टेंबरात लेक मॅनहाइमला गेली, केमिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायला. जायच्या आधी घरी सल्लागारांची रीघ लागली होती. त्यातले बरेचसे जर्मनीला कधी गेलेले नव्हते, पण प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी गेलेलं होतं. "तिकडे सगळं लांब लांब असतं." "शेजारी कोण राहतं याचा पत्ता नसतो." "रविवारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही." "पहिले काही दिवस रडू येतं, मग सवय होते." मी मान डोलवत होतो आणि मनात म्हणत होतो, अहो, हे तर आमचं २००९ सालचं तळोजा!

लालबागच्या चाळीतून आम्ही फेज वनमध्ये राहायला आलो तेव्हा निरोपाला अर्धी चाळ खाली उतरली होती. टेम्पोत कपाट चढत असताना आत्याने माझ्या हातात तांदूळ-मिठाची पुरचुंडी कोंबली, "तिकडे मिळेल न मिळेल" म्हणाली आणि "पोचल्याचं कळव" असं बजावलं. लेक तेव्हा पहिलीत होती. तिच्या वर्गात शेजारी मल्याळी, पुढे भोजपुरी, मागे आगरी आणि खिडकीजवळ तळोजा पाचनंद गावातली कोकणी मुसलमानांची मुलगी. खोडरबर उसनं मागायला आणि परत न द्यायला ती चार भाषांत तिथेच शिकली. रिक्षावाला पनवेल स्टेशनवर मोठ्या आपुलकीने "कुठं जायचं?" विचारायचा आणि तळोजा म्हटलं की त्याला अचानक फोन यायचा. मेट्रोची पायाभरणी २०११ मध्ये झाली, तेव्हा लेक तिसरीत जाणार होती. बेलापूर ते पेंधर मेट्रो प्रत्यक्ष धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, तेव्हा ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. अकरा किलोमीटर, अकरा स्टेशनं, बारा वर्षं. अशा पोरीला तुम्ही परक्या मुलुखात धीर धरायला काय शिकवणार? माझं आपलं ठाम मत आहे : तळोज्यात वाढलेलं मूल परदेशी जात नाही, त्याची नुसती बदली होते.

बदली झाली तरी सामान बांधावंच लागतं. आमच्या विंगमध्ये बॅगा तोलायचा एक हातकाटा आहे. तो मूळचा कोणाचा हे आता कोणालाच सांगता येत नाही. कॅनडा, आयर्लंड, जर्मनी असा ज्याच्या घरचा मुलगा किंवा मुलगी जायची असेल त्याच्याकडे तो आपोआप येतो आणि विमान सुटलं की पुढच्या घरी जातो. हुकाच्या एका बाजूचा रंग उडालाय आणि तो दीडशे ग्रॅम जास्त दाखवतो, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. मी एमआयडीसीत स्टोअर्स सांभाळतो, म्हणजे आवक-जावक हा माझा प्रांत. रजिस्टर घेऊन बसलो. प्रेशर कुकर घेतला, शिटी हॅन्डबॅगेत. गोडा मसाला, मेतकूट, कुळीथ पीठ, पोळपाट. पोळपाटावरून मायलेकींत वाद झाला. लेक म्हणाली, ओट्यावर लाटेन. ही म्हणाली, ओटा कुणाचा कुणास ठाऊक. पोळपाट गेला.

खरा पेच पडला तो तुपापाशी. हिने चार दिवस साय साठवून, विरजून, घुसळून कढवलेलं साजूक तूप बरणीत भरलं होतं. आणि नियम वाचताना लेकीला सापडलं की युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही. मासळीला मात्र ठरावीक वजनापर्यंत मुभा आहे. हे खालच्या मजल्यावरच्या आगरी काकूंच्या कानावर गेलं आणि संध्याकाळी त्या सोडे आणि सुके बोंबील घेऊन हजर झाल्या. सात पिशव्यांत गुंडाळलेले, वर चिकटपट्टी, तरी लिफ्टमधल्या माणसांनी आमच्याकडे वळून पाहिलं. "तुपाला बंदी आणि बोंबलाला परवानगी?" हिला ते पटेचना. "काय लोक म्हणायचे का काय!" काकू मात्र युरोपवर एकदम खूश झाल्या. त्यांच्या मते तिथल्या सरकारात कोणीतरी शहाणं माणूस बसलेलं असणार.

विमानतळाचीही गंमतच. नवी मुंबईचा विमानतळ होणार, होणार, हे ऐकतच लेक मोठी झाली. पनवेलच्या प्रत्येक बिल्डरच्या जाहिरातीत तो पाच मिनिटांवर होता. प्रत्यक्ष जायची वेळ आली तेव्हा आम्ही रात्री सहारचा रस्ता धरला, दोन तास आधी निघून आणि चेंबूरला अडकून. ती गेली आणि ८ ऑक्टोबरला आमच्या तालुक्यातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानं सुरू झाली २५ डिसेंबरला. लेकीने तिथून फोटो पाहून एवढंच विचारलं, "बाबा, हे माझ्या जाण्याची वाट बघत होते का?"

मॅनहाइमला पोचल्यावर तिचा पहिला निरोप आला तो असा : "बाबा, इथे सिडको आहे." मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. पण खरंच तसं निघालं. मॅनहाइमचा जुना भाग चौकोनांत आखलेला आहे. तिथल्या रस्त्यांना नावं नाहीत म्हटलं तरी चालेल, चौकोनांना अक्षर आणि आकडा आहे : ए-१ पासून यू-६ पर्यंत. पत्ता म्हणजे सी-४ मधलं बारा नंबरचं घर. म्हणे सगळ्या जर्मनीत हा प्रकार चेष्टेचा विषय आहे, बाहेरून आलेली जर्मन माणसं तिथे चक्रावून उभी राहतात. आमची लेक सामान ओढत सरळ घरी पोचली. सेक्टर, प्लॉट, विंग या क्रमाने विचार करायची सवय असलेल्या माणसाला त्यात अवघड काय? मॅनहाइमला शहराचा दर्जा मिळाला १६०७ मध्ये आणि सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. म्हणजे आमच्याकडे ही कल्पना पोचायला मेट्रोपेक्षाही जास्त वेळ लागला.

"जर्मनीत शिक्षण फुकट असतं" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मीही ऐकलं होतं आणि त्याच जोरावर हो म्हटलं होतं. मॅनहाइम ज्या राज्यात आहे त्या राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला दीड हजार युरो फी लावली आहे. बरं, गावाला लागून ऱ्हाइन नदी वाहते. पलीकडच्या काठावर दुसरं राज्य, तिथे ही फी नाही. मी नकाशा मोठा करून करून पाहिला. मध्ये नुसता पूल! मी म्हटलं, "अगं, चालत गेलीस तरी दीड हजार वाचतील." ती म्हणाली, "बाबा, कॉलेज अलीकडे आहे." जकात होती तेव्हा नाका कुठे लागेल ते पाहून गोदाम घेतलेल्या कळंबोलीच्या व्यापाऱ्यांना मी ही हकिकत सांगितली, तर त्यातल्या एकाने मला इतका वेळ धीर दिला की ऐकणाऱ्याला घरात कोणी गेल्यासारखं वाटावं.

शिवाय ते ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात भरून ठेवायचे आणि मग त्यातून महिन्याला ९९२ बाहेर पडायचे. पैसे आपलेच, पण हातात देणार दुसरा, तोही मोजून. ऐकून सगळे हळहळले. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. लग्न झाल्यापासून माझ्या पगाराची व्यवस्था हिने नेमकी अशीच लावलेली आहे.

पहिल्या आठवड्यात ती कागदांमागे होती. नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत नगर कचेरीत नाव नोंदवायचं. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद. नोंदणी झाली की पुढची कामं, त्यांतल्या प्रत्येकाला आधीच्याचा कागद. आम्ही दोघं इथे पलंगावर बसून मनापासून भाग घेत होतो. "लाइट बिल पाठवू का?" "रेशन कार्डाची झेरॉक्स चालेल?" "सोसायटीचं एनओसी?" एकही चाललं नाही. नोंदणी झाल्यावर जेमतेम श्वास घेतला तोच रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं : घरामागे महिना १८.३६ युरो. तिच्याकडे ना रेडिओ, ना टीव्ही. तरी द्यायचे, कारण घर आहे. घरातल्या चौघींनी वाटून घेतले. ही बातमी मी आमच्या केबलवाल्यापासून अजून लपवून ठेवली आहे.

पण ज्या गोष्टीने आमच्या घरात खरी खळबळ उडाली ती म्हणजे खिडकी.

तळोज्यात राहणाऱ्याला खिडकीचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. संध्याकाळी वारा फिरला आणि एमआयडीसीच्या बाजूने यायला लागला की घराघरांतून स्लायडिंग खिडक्या सरकण्याचा एकच खर्रर्र आवाज येतो. कुणी कुणाला सांगत नाही. झोपेतसुद्धा हात जातो. काही जण वासावरून वार सांगतात. मी स्टोअर्सचा माणूस, मी माल सांगतो. अशा घरातल्या मुलीच्या भाडेकरारात जर्मन घरमालकाने लिहिलं होतं की रोज दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं तशाच ठेवायच्या आणि मग बंद करायच्या. हिवाळ्यातही. बाहेर बर्फ असलं तरी. भिंतीला बुरशी लागू नये म्हणून.

"म्हणजे गारठा आत घ्यायचा?" हिने विचारलं.

"हो."

"आणि हीटर?"

"तो आधी बंद करायचा."

ही माझ्याकडे बघायला लागली, जणू करार मीच लिहिला होता. "आणि वास आला तर?"

"आई, इथे वास येत नाही."

मला वाटलं हे ती आईच्या समाधानासाठी सांगते आहे. कारण मी आधीच चौकशी केली होती. पुलापलीकडे, लुडविग्सहाफेनला, बीएएसएफचा कारखाना आहे. एकाच जागी, एकाच कंपनीचा, सुमारे दहा चौरस किलोमीटरचा. जगातला सर्वांत मोठा रसायनांचा संकुलवजा कारखाना म्हणून तो ओळखला जातो. पहिल्या रविवारी दुकानं बंद, म्हणून लेक नदीवर फिरायला गेली होती. पलीकडे चिमण्या, पाइपांचे गुंतवळ, टाक्या, दिवे लागलेले. तिने फोन फिरवून दाखवलं आणि म्हणाली, "बघा, घरी आल्यासारखं वाटतं की नाही?" माझे खरोखर डोळे भरून आले. मी विचारलं, "वास?" ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "नीट घेऊन बघ." तिने श्वास घेतला. "नाही बाबा." एवढा अवाढव्य कारखाना आणि वास नाही! मी चांगला वेळ त्या चिमण्यांकडे बघत बसलो. शेवटी न राहवून विचारलं, "चालू आहे ना पण?"

फोडणीचं प्रकरण यानंतरचं. त्या राज्यात घराघरांत धुराचं सूचकयंत्र बसवण्याची सक्ती आहे. लेकीच्या घरात ते स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, बरोब्बर दाराच्या वर. तिने पहिल्यांदा आमटी केली तेव्हा आम्ही व्हिडिओवर होतो. तेल तापलं, मोहरी पडली, तडतडली. हिंग पडलं. "आता मिरची," ही इथून म्हणाली, आणि सुक्या मिरचीचे तुकडे पडता पडता जे काही वाजायला लागलं ते आमच्या फोनमधून शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं. मग पडद्यावर छत दिसलं, पाय दिसले, कुणाची तरी चप्पल दिसली. एक जर्मन मुलगी खुर्चीवर चढून टॉवेलने त्या यंत्राला वारा घालत होती. कोलंबियाची मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होती. तुर्की वंशाची मुलगी, जी तिथेच जन्मली वाढली, तिने मुकाट्याने येऊन कढईवर झाकण ठेवलं. म्हणाली, "माझी आजी पण असंच करते." त्या दिवशी चौघी एकत्र जेवल्या. बाकीच्या तिघींपैकी कुणी किती खाल्लं ते लेकीने सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी यंत्राच्या आणि स्वयंपाकघराच्या मधलं दार बंद ठेवायचा ठराव लेखी चिकटवला गेला.

त्या तुर्की मुलीनेच तिला मार्केटच्या चौकातली दुकानं दाखवली. तो भाग इतका तुर्की आहे की लोक त्याला छोटं इस्तंबूल म्हणतात. तिथे मोठी जुडी कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, पुदिना, भेंडी. गावातल्या सुपरमार्केटात हीच कोथिंबीर कुंडीत लावून विकतात. मी किंमत विचारली, शंभराने गुणलं आणि गप्प बसलो. तेव्हा युरोचा भाव शंभरच्या वर गेलेला होता, त्यामुळे गुणाकार सोपा होता आणि म्हणूनच जास्त लागत होता. लेकीने तंबी दिली, "बाबा, गुणायचं नाही. गुणायला लागलं की जगता येत नाही." म्हणून मी आता तिच्यासमोर गुणत नाही. फोन ठेवल्यावर गुणतो. एकाच बाबतीत गुणाकार सुखाचा ठरला : पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की २५ सेंट मिळतात. एका बाटलीला पंचवीस रुपये! हिने तेव्हापासून आमच्या गॅलरीत बिसलेरीच्या बाटल्या साठवायला सुरुवात केली आहे. पुढच्या खेपेला लेक घेऊन जाईल म्हणते. हातकाट्यावर त्यांचं वजन काहीच भरणार नाही, हा तिचा मुद्दा बिनतोड आहे.

घड्याळाचा मात्र निकाल लागला नाही. लेक गेली त्याच दिवशी हिने हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं, साडेतीन तास मागे. खाली कागद चिकटवला : मॅनहाइम. दिवाळी संपली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे सगळ्या देशाने आपली घड्याळं तासभर मागे घेतली. फरक झाला साडेचार तासांचा. हिने नेहमीप्रमाणे सकाळी दहाला फोन लावला. तिथे साडेपाच. मी समजावलं, नकाशा काढला, सूर्य काढला. ही म्हणाली, "आपलं घड्याळ बरोबर आहे. त्यांना बदलायचं तर त्यांनी खुशाल बदलावं." अजूनही भिंतीवर साडेतीन तासच आहेत. मॅनहाइममध्ये जे काही चाललेलं असतं, ते आमच्या हॉलमध्ये तासभर आधी होऊन गेलेलं असतं.

मला कधी कधी त्या जुन्या मंडळींचा हेवा वाटतो. कल्याणला, म्हणजे आमच्या शेजारीच, वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि न्यूयॉर्कला पोचायला त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. वय अठरा. फिलाडेल्फियात लुगडं नेसून वैद्यकी शिकल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि माणसांच्या कवट्या मोजून त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमतोलावर डॉक्टरेट घेऊन आल्या. या बायकांच्या कर्तृत्वाबद्दल काय बोलावं? पण त्यांना एक सवलत होती. पत्र पोचायलाच आठवडेच्या आठवडे लागत. "जेवलीस का?" हा प्रश्न बोटीने जाणार आणि "हो" हे उत्तर बोटीने येणार. इरावतीबाईंना रोज संध्याकाळी घरून फोन आला असता आणि "आज काय काय केलंस?" असं विचारलं असतं, तर कुठल्या आईला त्या रात्री झोप लागली असती?

नोव्हेंबरात लेकीला वर्गात पहिलं सादरीकरण करायचं होतं. विषय कारखान्यांचं सांडपाणी. तिने आमची कासाडी नदी निवडली. "मॅनहाइमला कासाडी कोण ओळखतं?" मी म्हटलं. तर म्हणे, नदी कुणी ओळखत नाही, पण कुत्री ओळखतात. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरत होती. नदीत सोडलेल्या रंगाच्या पाण्यात शिरून ती निळी झाल्याचं बातम्यांत होतं आणि त्यांचे फोटो जगभर छापून आले होते. तिच्या गटातल्या एका मुलाने तळोजा शोधलं तर त्याला आधी ती कुत्रीच दिसली. त्याने विचारलं, हे खरं आहे? लेक तेव्हा आठवी-नववीत. ती म्हणाली, "खरं म्हणजे? एक आमच्या गेटवर बसायचं."

सादरीकरणाची सुरुवात तिने कुत्र्यांपासून केली आणि शेवट ऱ्हाइनवर. १८९७ मध्ये याच नदीच्या पलीकडे, बीएएसएफने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि भारतातल्या निळीच्या शेतीचं कंबरडं मोडलं. म्हणजे निळा रंग कारखान्यात करायची विद्या मूळची तुमच्या गावची, आमच्याकडे ती फक्त कुत्र्यांपर्यंत पोचली, असं तिने इंग्रजीत आणि नम्रपणे सांगितलं. मैत्रिणीने त्याचं चित्रण केलं होतं. रात्री आम्ही ते पलंगावर बसून पाहिलं, बाजूला खालच्या काकूही होत्या. त्यांना कुत्रं ओळखीचं वाटलं. लेक बोलायची थांबली, आणि टाळ्यांऐवजी वर्गातली सगळी मुलं बोटांच्या पेरांनी बाकांवर ठकठक करायला लागली. तिथे शाबासकी द्यायची पद्धतच तशी आहे. ठकठक थांबेना. हिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्या चित्रातल्या लेकीला ओरडून सांगितलं :

"अगं, दार वाजतंय! आणि कोण आहे ते विचारल्याशिवाय उघडू नकोस!"